नव्या नळीचा सांधा

मास्तरांनी रंगीत चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दोन्ही हातांतल्या नळ्या बर्नरच्या ज्योतीत धरल्या. डाव्या हातात जुन्या साठ्यातली, उजव्या हातात नवी. मालक समोर स्टूल ओढून बसले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी टायपिस्टबाई मास्तरांना कामावरून कमी करण्याचं पत्र टाइप करत होत्या.

“वयोमानामुळे हात थरथरतो, असं लिहा,” मालक म्हणाले.

एकतीस वर्षं या कारखान्यातली प्रयोगशाळांची काचेची भांडी मास्तरांच्या फुंकेतून गेली होती, आणि एकाचाही सांधा उलून परत आला नव्हता. मागच्या महिन्यात नऊ आले. नवव्याने एका शिक्षिकेचा तळहात फाडला. नळ्या पुरवणारा मालकांनी त्याच महिन्यात बदलला होता, आणि उरलेल्या जुन्या नळ्यांना नव्या जोडून भांडी होत होती, पण ते बोलायची सोय नव्हती. खापर फोडायला मास्तरांचा माथा आयताच मिळाला होता.

“साहेब, ही काच वेगळी आहे,” ज्योतीवरची नजर न काढता मास्तर म्हणाले. “गार होताना नवी नळी जास्त आकसते, जुनी कमी. सांधा बिचारा मधल्या मधे ताणला जातो.”

“काच ती काच. मला शाळा शिकवू नका.”

मास्तरांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. हात मात्र ढळले नाहीत. नळ्यांची टोकं मऊ झाली तशी त्यांनी ती अलगद भिडवली, फिरवत राहिले, हलकेच एक फुंक मारली. एक नळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते कळेना. त्यांनी ती जाळीवर ठेवली आणि बर्नर बंद केला.

मालकांनी चहूबाजूंनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच आवळला.

“म्हणजे मनात आणलं की जमतं तुम्हाला! मग ते नऊ मुद्दाम बिघडवलेत?”

मास्तर बघतच राहिले. म्हातारा म्हटलेलं परवडलं, पण हे काय! याच माणसाच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून इथे आणलं होतं. मास्तरांचा संताप उसळला. आता त्यांचे हात खरोखरच थरथरत होते. ते त्यांनी एप्रनच्या खिशात कोंबले.

“बाई, खोडा ते. मुद्दाम नुकसान केलं, असं लिहा.”

कीबोर्ड खडखडला. दोनेक मिनिटं गेली असतील.

टक्.

जाळीजवळ कोणी नव्हतं. सांध्याभोवती केसाएवढी रेघ गोल फिरली आणि नळीचे दोन तुकडे वेगळे झाले.

मालक तुकड्यांकडे पाहत राहिले. टायपिस्टबाईंनी कीबोर्डवरची बोटं उचलली.

“साहेब,” त्यांनी अगदी अदबीने विचारलं, “मग आता कारण काय लिहू?”