आशेची मेणबत्ती

मी लंकाबाई, राजुरीची. तोंडाची लई फटकळ, समद्या गावाला ठाऊक हाय. सत्त्याण्णव साली जुन्नरच्या एका दवाखान्यात मी झाडलोट करायचे. तिथं शलोमीबाई नर्स व्हत्या, ख्रिस्ती. त्या म्हनल्या, "लंकाबाई, रविवारी आमच्या देवळात या. नाताळाच्या आधीचा आगमनकाळ सुरू होतोय." आगमन म्हनल्यावर मला वाटलं, गणपतीवानी वाजतगाजत आसंल. म्हनून गेले.

वाजतगाजत कसलं, राव! भाईर धुकं, आत माणसं गप बसलेली, खिडक्यांतनं दुधासारखा उजेड येत व्हता. कुनी तरी हळू आवाजात गात व्हतं. माझे डोळे मिटाय लागले. ह्यो सपनातला रविवार हाय का खरा, कळंना. तेवढ्यात पाळकांनी, म्हंजी त्यांच्या पाद्रीबाबांनी, एक मेणबत्ती पेटवली न् म्हनले, "ही आशेची. आशा मेलेली नाही. तिची वाट पाहा."

मी ताडकन उठले. "कुनी सांगितलं तुमाला?"

आशा माझी लेक. त्याच्या दोन वर्सं आदी जातीभाईरच्या टेम्पोवाल्याशी लगीन लावलं न् पाया पडाया दारात आली, तवा मी म्हनले, "तू मेलीस आमाला." गावात सांगितलं, सुरतेला मावशीकडं शिवणकाम शिकतीय. घरात गेणभाऊला, माझ्या मालकाला, तिचं नाव काढू दिलं न्हाई.

शलोमीबाईंनी माझा पदर वढला. "अहो, दर रविवारी एक मेणबत्ती लावतो आम्ही. पहिली आशेची. आशा म्हणजे भरवसा हो!"

मागं कुनी तरी खुदकन हसलं. लाजंनं मेल्यावानी झालं, पन खाली बसवंना. "मग माजंबी ऐका," मी म्हनले. "माझ्या आशेला मीच मारलीय. सुरत न्हाई न् मावशी न्हाई, समदं खोटं. पोरगी कुठं हाय, जेवली का उपाशी, मला ठाऊक न्हाई. लई आठवण येते वो तिची." आन् भोकाड पसरलं. पाळकांनी समद्यांना माना खाली घालाय लावल्या न् माझ्या लेकीसाठी, तिचं नाव घेऊन, प्रार्थना केली.

राजुरीला यष्टीतून उतरले तर शेजारची बयाबाई भेटली. नेहमीसारखं म्हनली, "काय गं, सुरतेची खबर?"

"सुरतेला न्हाई ती. मी हाकललीय तिला."

बयाबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठिवली. "ठाऊक हाय. मंचरला हाय ती. कांदा घिऊन जाते तवा बाजारात भेटती. दर खेपंला इचारती, 'मावशे, आई माजं नाव काढती का?' मी काय सांगनार? तू तर सुरत लावून धरलेली. मी म्हनायची, न्हाई बाई."

मी तिथंच धोंड्यावर बसले.

"आता भेटली तर काय सांगू?" बयाबाईनं इचारलं.

"तू कायबी सांगू नगं," मी म्हनले. "मंचरची यष्टी कवा हाय, तेवढं सांग."