आवाज गेल्यावर

चौथीच्या वर्गात बाई पाढे म्हणू लागल्या, की शेजारचा वर्गही नकळत त्यांच्यामागे म्हणायचा, असा त्यांचा खणखणीत आवाज. रविवारी चर्चमध्ये पहिलं गीतही त्याच उचलायच्या. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

घरी आल्यावर बाईंनी बायबलला हात लावला नाही. धाकटी बहीण रोज उशाशी बसून प्रार्थना करायची. एकदा बाईंनी पाटीवर खरडलं, ‘घ्यायला दुसरं काही दिसलं नाही का त्याला?’

“ताई, हे तूच विचार त्याला,” बहीण म्हणाली. “भांडलीस तरी ऐकून घेईल तो.”

त्या दुपारी बाई मनातल्या मनात प्रभूशी कडकडून भांडल्या. उत्तर आलं नाही, पण एकटंही वाटलं नाही. मग त्या रोजच बोलू लागल्या.

सहा महिन्यांनी तपासणीला गेल्या, तेव्हा नर्सने त्यांना बाजूला घेतलं. आतल्या खोलीत एक बसड्रायव्हर होता. दोन दिवसांनी त्याचीही तीच शस्त्रक्रिया होती. जेवत नव्हता, येईल त्याला हाकलून लावत होता.

‘मी काय बोलणार?’ बाईंनी लिहिलं.

“बोलणारे पुष्कळ येऊन गेले हो,” नर्स म्हणाली.

बाई आत जाताच तो बसक्या आवाजात खेकसला, “आता तुमचा उपदेश?”

बाईंनी गळ्याचा रुमाल सोडून श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र दाखवलं. तो उठून बसला. छिद्राकडे बघत म्हणाला, “झोपेत श्वास अडकतो?”

‘नाही. पण पहिले चार दिवस भीती वाटते.’

“बायकोला हाक कशी मारायची?”

बाईंनी दोन टाळ्या वाजवून दाखवल्या.

“बरंच झालं,” कोपऱ्यातून त्याची बायको म्हणाली. “यांच्या हाकेला मी कुठे ओ देते!”

तो हसला. मग म्हणाला, “म्हणजे माझ्यासाठी देवाने तुम्हाला आजारी पाडलं?”

बाईंनी पाटी पुसली. मग सावकाश लिहिलं, ‘असं मी मानत नाही. पण दुखण्यात त्याने मला सोडलं नाही. आणि हे दुखणं तो वाया जाऊ देणार नाही.’

त्याने ते दोनदा वाचलं. “माझ्यासाठी प्रार्थना कराल?”

बाईंनी त्याचा हात धरला. नुसतेच ओठ हलत राहिले. त्यांनी मान वर केली, तेव्हा “आमेन” तोच म्हणाला, आणि बायकोकडे वळला, “डबा उघड गं.”

त्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. बाई आता दर मंगळवारी त्या वॉर्डात जातात. अजून कधीकधी देवाशी भांडतातही, पण तिथून परत येताना चालणं जरा हलकं होतं.