वरचा खटका पाडला तरी

मित्रांनो, सांपित गावातल्या एका पाकोळीघराच्या तळमजल्यावर, लाकडी फळीवर पाच वर्षे बसलेला मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे. मी पाच तोंडांची, वहीएवढी लोखंडी पेटी. माझ्या तोंडात नेटवर्कची तार खोचतात. त्या एकाच तारेतून मी कॅमेऱ्याला वीज देतो आणि त्याने पाहिलेले चित्र परत आणतो. वीज मी उगाच ढकलत नाही. पलीकडून 'हवी' असा होकार आला तरच देतो.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. खोक्यात बसून बोटीने आलो आणि रुस्मिनाच्या हातात पडलो. ती गावात वायरिंगची कामे करी.

तिचे वडील सरबिनी, तिचे अबाह, या पाकोळीघराचे राखणदार होते. पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि माणसे त्यांचे सूप करून पितात, म्हणून घरट्यांना मोठा भाव असतो; त्यासाठीच पाकोळ्यांना अशी घरे बांधून देतात. पिल्ले उडून गेल्यावरच घरटे काढायचे, हा सरबिनींचा नेम होता. एका वर्षी घरटी चोरीला गेली. मालक हाजी बुस्तानींचा भाचा दार्मान याने अंगणात, गावासमोर, सरबिनींच्या कमरेची किल्ली हिसकली. "बावीस वर्षं पाखरांची थुंकी विकून खाल्लीस, म्हाताऱ्या," तो म्हणाला. सरबिनी त्या दिवसापासून घराबाहेर पडले नाहीत.

चोऱ्या मात्र चालूच राहिल्या. म्हाताऱ्याकडे दुसरी किल्ली असणार, असे दार्मान सांगत राहिला. शेवटी हाजींनी कॅमेरा बसवायचे ठरवले आणि रुस्मिना आपणहून काम मागायला आली. तिने वरच्या काळोख्या मजल्यावर अंधारातही पाहू शकणारा कॅमेरा लावला, तार खाली आणली आणि मला कचेरीतल्या बॅटरीवर जोडले.

दार्मान दारात उभा राहून पाहत होता. "काय गं, बापाची लाज धुवायला आलीस?"

"कामाला आलेय, दादा."

"वरचा खटका पाडला की वरचं सगळं बंद होतं ना?"

रुस्मिना पक्कड पुसत होती. "वरच्या खटक्यावर जे आहे, ते सगळं बंद होतं," ती म्हणाली.

तो खूश होऊन गेला. कॅमेरा वरच्या खटक्यावर नव्हताच. तो माझ्या हातचे खात होता.

नवव्या दिवशी, भर दुपारी, वरचे कर्णे अचानक गप्प झाले. पाकोळ्यांना बोलावण्यासाठी त्यांवर दिवसभर चिवचिवाट वाजे. खटका पडला होता. पण माझ्या तारेत वीज होती, आणि चित्र आले. दार्मान शिडीवर होता. हातात पत्र्याची खरवडणी. घरटे सुटत नव्हते म्हणून त्याने आतली पिल्ले मुठीत धरून खाली फेकली.

मित्रांनो, त्या दिवशी मला सूड म्हणजे काय ते कळले. त्याचे तोंड ओळखू यावे म्हणून मी एक थेंबही वीज कमी पडू दिली नाही. ये, म्हणालो, पुन्हा ये.

तो पुन्हा आला. तीन महिन्यांत सात वेळा आला. रुस्मिना दर गुरुवारी येऊन ती चित्रे बघे आणि जपून ठेवी. हाजींनी विचारले की ती म्हणे, "अजून थोडं थांबा." हाजी थांबत.

घरटी काढायच्या दिवशी अंगणात जेवण होते. रुस्मिनाने तिथे मोठा पडदा आणला. तो पाहून दार्मान कचेरीत तिच्याकडे धावत आला. तिने त्याला एकच चित्र दाखवले. त्याने घाईने दार लोटले.

"मामांना एकट्यांना दाखव. मी पाया पडतो त्यांच्या."

"माझ्या अबाहना कुठे बोललास तू?"

त्याने दाराच्या फटीतून अंगणाकडे पाहिले.

"अंगणात ना? मग अंगणातच."

तिने वडिलांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवले. सातही दुपारी एकामागून एक दाखवल्या. कोणी घास गिळला नाही. एक म्हातारी उठली आणि दार्मानच्या पायापाशी थुंकली. हाजींनी भाच्याच्या कमरेची किल्ली काढून सरबिनींच्या हातात दिली आणि त्याला फाटक दाखवले. तो सगळ्यांच्या मधून चालत गेला. मला ते फार गोड लागले. आजही लागते.

सरबिनी मात्र पडद्याकडेच बघत होते. "पहिल्यांदा कधी दिसलं तुला हे?"

"तीन महिने झाले, अबाह."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"एकदाच चूक झाली म्हणाला असता, सुटला असता. मला त्याला सुटू द्यायचं नव्हतं."

"आणि पिल्लं?"

सरबिनी झाडू घेऊन वर गेले. संध्याकाळपर्यंत मेलेल्या पिल्लांच्या दोन बादल्या खाली आल्या.

आता माझी दोन तोंडे गंजली आहेत, भेगांतून मुंग्या जातात. मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, असे मी म्हणेन. पण त्याहून मोठे मागणे हे की, मित्रांनो, माझ्यासारख्याने काही दाखवले तर ते त्याच दिवशी बोला. आम्ही वाट बघत बसलो, आणि आमच्या वाट बघण्याची किंमत पाकोळ्यांनी दिली.