रुक्सांद्राची पाठ

पंधरा वर्षांची सावेता गावी लाकडं फोडत होती, तेव्हा तोदेर मास्तर टेप घेऊन आले, तिची उंची आणि हातांची लांबी मोजली आणि तिला स्नागोव्हच्या तळ्यावर वल्हवायला घेऊन गेले. त्याला आता वीस वर्षं झाली. दोन ऑलिंपिक सुवर्णं आली, कंबर कामातून गेली, तरी तिला तिसरं ऑलिंपिक हवंच होतं. आठ जणींच्या नावेत एकच जागा उरली होती आणि तिच्यावर एकोणीस वर्षांच्या इलिंकाचाही डोळा होता.

निवाडा पाण्यातच व्हायचा. चौघी-चौघींच्या दोन नावा पळवायच्या, मग या दोघींनी नावा बदलायच्या आणि पुन्हा पळवायच्या. दोन्ही फेऱ्यांतलं अंतर जोडून निकाल.

पहिल्या फेरीत सावेताची नाव हातभर पुढे. नावा बदलल्या, तरी सावेताचीच नाव पुढे! काठावर टाळ्या पडल्या, पण सावेताचं तोंड उतरलं. वल्हवणारीचं तोंड मागे असतं. मागे पडलेल्या इलिंकाच्या नावेत तिला रुक्सांद्राची पाठ दिसली होती. अकरा वर्षं ती त्याच पाठीमागे बसत आली होती. नवऱ्याचं तोंडही तिने इतकं पाहिलं नसेल. ती पाठ आज नाटक करत होती.

धक्क्यावर तिने रुक्सांद्राला गाठलं.

"अंग चोरलंस ना?"

"गप गं. जागा मिळाली ना तुला?"

"भीक घालतेस मला?"

"भीक कसली, बये! तू नसलीस तर मागे कुणाचा श्वास ऐकू मी?" रुक्सांद्राचे डोळे भरले.

सावेताचा जीव तुटला. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण ती तडक मास्तरांकडे गेली.

"दुसरी फेरी पुन्हा लावा."

"डोकं फिरलंय का? जिंकलीस की!"

"लावा म्हणते ना!"

या वेळी रुक्सांद्राने रागारागाने ओढलं. सावेताने जिवाचं रान केलं, पण ती पाठ तिला दिसलीच नाही. इलिंकाची नाव कधीच पुढे निघून गेली होती, चांगली नावभर. सावेताची हातभर आघाडी त्यात बुडाली आणि जागा इलिंकाला गेली.

इलिंका कावरीबावरी होऊन समोर आली. "ताई, मी..."

"ऐक. रुक्सांद्राच्या उजव्या खांद्यावर नजर ठेव. तो वर राहिला की समज, बाई अंग चोरतेय. तिथल्या तिथे शिवी हासड."

एवढं बोलली आणि सावेताला रडू फुटलं.