पडदे काळे झाल्यावर

पेशंट रबरी पुतळा होता, तरी भूलतज्ज्ञ गिरिजाच्या तळहातांना घाम फुटला होता. सी-स्कीम भागातल्या प्रयोगशाळेत संशोधक संकल्पने सराव-शस्त्रक्रियेच्या ऐन मध्यात मॉनिटरचे सगळे पडदे काळे केले. यंत्रासोबत काम करताना माणसाला परिस्थितीचं भान किती राहतं, हे तो असंच मोजायचा.

"ऑक्सिजन किती होता, ताई?"

तिने सांगितलं.

"आणि भुलीचा पंप आता काय करतोय?"

"माहीत नाही," ती वैतागून म्हणाली. नापास तर नापास. "मघापासून गप्प आहे मेला. भरवसा वाटेना, म्हणून भुलीच्या औषधाने भरलेली सिरिंज हातात धरून बसलेय."

संकल्प हसला. "मतलब, तुम्हीच ओळखलंत. पंप मी केव्हाच बंद केला होता. बाकी सगळे डॉक्टर म्हणाले, चालू आहे."

गिरिजाने सुस्कारा सोडला आणि पुतळ्याच्या गालावर थोपटलं. "वाचलास रे बाबा."