‘अप’ कोणी म्हणायचं

त्या बांधकामावर ‘वर’ हा शब्द दिवसभर फुकट मिळायचा. विटा वर ने, साहेब वर आहेत, वर बघ की जरा. म्हणूनच क्रेनसाठी ‘अप’ हा इंग्रजी शब्द वेगळा राखून ठेवला होता. त्याचा अर्थ एकच, ओझं उचल. ‘स्टॉप’ कोणीही ओरडावं, ‘अप’ मात्र भाचीच्याच तोंडून. मुकादमाची भाची म्हणून सगळे तिला भाचीच म्हणत. तिनं तो शब्द इतका जपला होता, की घरी नवऱ्याला झोपेतून उठवतानाही तिच्या तोंडून निघत नसे. क्रेनवाल्याला लोक बहिऱ्या म्हणत. कान त्याचे चांगले तिखट होते, पण ‘अप’च्या बाबतीत तो तिच्याशिवाय कोणाला धूप घालत नसे.

त्या दुपारी लोखंडी तुळयांचा गठ्ठा पट्ट्यांत बांधून तयार होता. मालक यायच्या आत तो तिसऱ्या मजल्यावर गेलेला मामाला हवा होता. पण गठ्ठा जिथून जाणार, तिथेच भिंतीच्या सावलीत दोन प्लंबर डबे उघडून बसले होते.

“त्यांना उठवा, मग म्हणते,” भाची म्हणाली.

“जेवत्या माणसाला उठवू? आणि आजवर कोणाच्या डोक्यात काय पडलंय? म्हण मुकाट्यानं.”

“नाही म्हणणार.”

मामाचा पारा चढला. ही पोरगी त्यानं अंगाखांद्यावर खेळवली, त्यानंच कामाला लावली, आणि आता चारचौघांत उलटून बोलते. त्यानं तिच्या हातातला वॉकीटॉकी हिसकावला.

“अप,” तो गरजला. “अप म्हणतोय ना.”

क्रेन ढिम्म हलली नाही.

मामानं वॉकीटॉकी परत तिच्या हातात कोंबला, तरातरा गेला आणि प्लंबरांशेजारी, गठ्ठ्याच्या वाटेतच, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “हा बघ, मीच उभा राहतो. आता म्हण. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

नोकरी गेली तर घरी काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि समोरच्या त्या हेकट टकलावर तिचा जीवही होता. ती विटांच्या चवडीवर बसली, वॉकीटॉकी मांडीवर ठेवला आणि स्वतःचा डबा उघडला.

प्लंबरांनी एकदा मामाकडे पाहिलं, एकदा गठ्ठ्याकडे. डबे आवरून ते सटकले. मामा एकटाच उरला. फाटकाशी मालकाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मामा जागचा हलेना, भाची जेवण थांबवेना. दुसरा हॉर्न वाजला, तेव्हा मामा पाय आपटत बाजूला झाला.

तिनं डबा बंद केला. उभं राहून चहूबाजूंना पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

“अप,” ती म्हणाली.

गठ्ठा सुरळीत तिसऱ्या मजल्यावर उतरला.

“बघितलंस? झालं का काही?” मामा गुरगुरला.

“नाही झालं,” ती म्हणाली. “उद्याही होऊ देणार नाही. वेळेवर येते मी.”