पाण्याच्या रेषेखालचा डाग

होडी गाड्यावर होती, गाडा उतारावर आणि अण्णा होडीत. टोपी घालून, मांडीवर डबा घेऊन ते सकाळपासून बसले होते. मुलाने जुनी होडी विकत घेतली होती आणि पहिल्या फेरीचा मान बापाचा होता. बापाला पोहता येत नव्हतं.

खाली त्यांची लेक, ताई, शेवटचा हात मारत होती. बोटी घासून चमकवणं हा तिचा धंदा. फायबरवरचा पांढरा थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो उन्हाने पिवळा पडून खडूसारखा भुरभुरीत झाला होता. तिने आधी खरखरीत पेपर मारला, मग पाणी मारत बारीक, मग चकाकी आणणारं कंपाउंड, मग मेण. आता होडीच्या कडेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. फक्त होडीच्या नाकाशी, बुडाजवळ, तळहाताएवढा एक डाग काल निघाला नव्हता. त्यावर तिने मेण चढवून दिलं होतं. आज तो पुन्हा पिवळा दिसत होता.

"ताई, पुरे आता," भाऊ म्हणाला. "माझ्या लग्नात नवरीलाही एवढं घासलं नव्हतं."

ती हसली आणि हसताहसताच डागाकडे वाकली. डाग पाण्याच्या रेषेखाली होता. होडी पाण्यात असो की गाड्यावर, तिथे ऊन पोचतच नाही. मग हा पिवळा कशाने?

तिने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. बाजूला टणटण. डागावर भद्द.

"दार उघडंच आहे," वरून अण्णा म्हणाले.

"इथे भोक बुजवलंय कोणीतरी," ती भावाला म्हणाली. "आत पाणी मुरलंय. अण्णांना उतरव."

"झालं! लहानपणी तू बादलीलाही घाबरायचीस."

"उतरव म्हणते ना!"

"लोक बघतायत, ताई. आल्यावर बघू."

त्याने गाड्याचा दोर सैल केला. गाडा वीतभर खाली सरकला.

अंदाज चुकला, तर भावाच्या होडीला सगळ्यांदेखत तिनेच भोक पाडलं असं होणार होतं. वर अण्णांनी डबा घट्ट धरला होता. तिने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि सगळा जोर लावून डागात खुपसला.

हाताला धक्का बसलाच नाही. भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. तिने तो ओढून काढला. तपकिरी पाण्याची धार तिच्या मनगटावर आली. व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला. होडी कित्येक महिने पाण्यात गेली नव्हती, म्हणजे हे पाणी तेव्हापासून आत सडत होतं.

भावाने धारेकडे पाहिलं. पायाने एक दगड चाकाखाली ढकलला, दोर ताणून बांधला आणि बांधल्यावरही तो दोन्ही हातांनी धरूनच ठेवला.

"सुटलो का रे आपण?" अण्णांनी विचारलं.

ताईने दोन्ही हात वर केले.

"अण्णा, आधी डबा द्या. मग तुम्ही या. सावकाश."